व्हीलचेअरवरून शेततळ्यावर मासेमारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर राजापूर तालुक्यातलं, खाडीकाठचं. लहानपणी मामाबरोबर गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे पकडायला जायचे. २०१३ साली स्कूटरच्या अपघातात माझा पाठीचा कणा मोडला. कमरेखाली ताकद नाही आणि संवेदनाही नाही. पुढची पाच वर्षं मी पाण्याकडे फिरकलेच नाही. मग मुरबाडकडच्या शेतात भावजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, तळं खणून त्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं सोडली आणि मी पुन्हा गळ हातात घेतला. खुर्चीवर असलेली माणसं, त्यांच्या घरचे आणि तळं असलेले शेतकरी मला जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

व्हीलचेअरवर बसून खरंच मासा पकडता येतो का?

येतो. दगडावर, होडीत, धक्क्यावर माणसं बसूनच तर गरवतात. खरी अडचण येते ती वाट संपते तिथपासून पाण्यापर्यंतच्या शेवटच्या पंधरा फुटांत. उतार, भुसभुशीत माती, चिखल, आणि काठाला धरायला काही नाही. ते पंधरा फूट नीट केले की बाकीचं हळूहळू जमतं. म्हणून खाली सगळ्यात जास्त त्या पंधरा फुटांबद्दलच लिहिलं आहे.

नदी किंवा धरण सोडून लहान तळंच का?

लहान तळ्याचं सगळं आपल्या आवाक्यात असतं. पाण्याला ओढ नाही, भरती-ओहोटी नाही, खोली किती ते मालकाला माहीत असतं. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यात बसल्या जागेवरून साधा गळ फेकला तरी तो मासा असेल तिथे पोचतो. चांगली जागा शोधत काठाकाठानं फिरावं लागत नाही, आणि खुर्चीवरच्या माणसाला हेच फिरणं जड जातं.

शिवाय मासे असतात याची खात्री. मत्स्यशेतीत साधारण हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकली सोडतात. त्या हिशेबानं एवढ्या, म्हणजे नऊ गुंठ्यांच्या तळ्यात साडेचारशे ते नऊशे मासे झाले. काही मरतात, काही बगळे-पाणकावळे नेतात, तरी उरतात पुष्कळ.

रोहू, कटला, मृगळ हे वाहत्या नदीचे मासे, साचलेल्या तळ्यात ते आपणहून अंडी घालत नाहीत. जुलै १९५७ मध्ये ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन करून दाखवलं. गावोगावच्या तळ्यांत आज मत्स्यबीज पोचतं ते त्या कामामुळे. १० जुलैला देशभर मत्स्यशेतकरी दिवस पाळतात, तो याच्याच आठवणीत. मला त्या दिवसाचं फार अप्रूप आहे. माझ्यासारखीला नदी गाठता आली नाही, तरी नदीतला मासा माझ्यापर्यंत आला.

कोणत्या तळ्यावर अजिबात जाऊ नये?

प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याच्या काठावर खुर्ची नेऊ नका. थेट काठापर्यंत तर कधीच नाही.

महाराष्ट्रात पाणी मुरू नये म्हणून हजारो शेततळ्यांना असं अस्तर घातलेलं आहे. ओलं झालं, त्यावर शेवाळ धरलं, की ते काचेसारखं निसरडं होतं. बाजू तीव्र उताराच्या असतात. चांगलं पोहणारा, धडधाकट माणूसही आत पडला तर त्याला वर चढता येत नाही. अशा तळ्यांत बुडून लहान मुलं आणि त्यांना काढायला उतरलेली मोठी माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. खुर्ची एकदा त्या उताराला लागली तर ब्रेक उपयोगाचा नाही, कारण ब्रेक चाक थांबवतो, घसरणं थांबवत नाही. अस्तराच्या तळ्यावर जायचंच असेल तर बांधाच्या सपाट माथ्यावर पक्का कठडा हवा, आणि आपण त्या कठड्याच्या आत.

मातीचं तळं, किंवा दगडी बांधाचं जुनं गावतळं, आपल्याला बरं. पूर्व विदर्भातल्या बोड्या (शेतातली लहान तळी) आणि मामा (माजी मालगुजारी) तलावांचे काठ पुष्कळदा सपाट, गवताळ असतात. तिथे पावसाळा संपल्यावर जमीन घट्ट झाली की खुर्ची चांगली चालते.

बांध चढून पाण्यापर्यंत पोचायचं कसं?

आधी बांध चढायचाच कशाला, हे बघा. उताराच्या जमिनीवरच्या तळ्याला बहुतेक वेळा तीन बाजूंनीच बांध असतो. चौथी बाजू, जिथून पावसाचं पाणी आत येतं ती येव्याची बाजू, जमिनीच्या पातळीला असते. पहिल्या वर्षी भावजींनी मला सांडव्याशेजारच्या बांधावरून न्यायचं ठरवलं होतं. बांध पाच फूट उंच. भारतातल्या नियमांत रॅम्पचा उतार जास्तीत जास्त १२ फुटाला १ फूट धरतात. म्हणजे नुसतं वर चढायलाच साठ फुटांचा रॅम्प हवा, आणि तेवढाच पलीकडे उतरायला. मातीचा खर्च ऐकून सगळे गप्प झाले. मग सासूबाई म्हणाल्या, गाई-म्हशी पाण्यावर जातात त्या वाटेनं का नाही नेत? ती येव्याची बाजू होती. उतार जेमतेम.

गुरं ज्या वाटेनं पाण्यावर जातात ती वाट आधी बघा, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. एकच काळजी. येव्याच्या तोंडाशी गाळ साचतो, म्हणून बसायचा ओटा थेट तोंडावर न करता पंधरा-वीस फूट बाजूला करायचा.

वाटेवर आम्ही मुरूम टाकून धुम्मसनं ठोकून घेतला. मुरूम पहिल्या पावसात बसतो आणि खड्डे पडतात, तेव्हा दिवाळीच्या आधी पुन्हा एक थर लागतो. शेवटच्या पंधरा फुटांवर खडी क्रशरवरचा जुना, निकामी कन्व्हेयर बेल्ट (खडी वाहून नेणारा जाड रबरी पट्टा) अंथरला आहे. गोठ्यात गुरांखाली घालतात तोच. चार फूट रुंदीचा मिळाला तर उत्तम. त्यावर चाक रुतत नाही, घसरत नाही, आणि गरज पडली तर गुंडाळून ठेवता येतो. पाहुण्याच्या तळ्यावर एक दिवसासाठी जायचं असेल तर प्लायचे दोन तुकडे न्या. एकावर खुर्ची, दुसरा पुढे सरकवायचा.

उचलून नेऊ का, असं प्रेमानं विचारणारे पुष्कळ भेटतात. मी नाही म्हणते. चार माणसं खुर्चीसकट उचलतात तेव्हा कुणाचा तरी पाय घसरतोच, आणि परत यावंसं वाटलं तर पुन्हा चार माणसं गोळा करावी लागतात. ज्या जागेवरून मी माझी निघू शकत नाही, तिथे माझं चित्त गळाच्या टोकावर राहत नाही.

मचाण किंवा ओटा कसा बांधावा?

हा प्रश्न तळंवाले शेतकरी विचारतात तेव्हा मला मनापासून आनंद होतो, म्हणून सविस्तर सांगते.

खुर्ची जागच्या जागी पूर्ण वळायला ५ फूट व्यासाचं वर्तुळ लागतं. ओटा ८ बाय ८ फुटांचा करा, म्हणजे शेजारी कुणी बसूही शकतं. पाण्याकडच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडेला किमान ४ इंच उंच पक्की कड हवी. पुढची लहान चाकं तिला अडली पाहिजेत. ओट्याला किंचित उतार द्या, पण तो पाण्यापासून मागे, जमिनीकडे. आठ फुटांत दोन इंच पुरेत. ब्रेक सुटला तर खुर्ची मागे जाईल. गवंडी सवयीनं उतार पाण्याकडे देतात, कारण ओट्यावरचं पाणी तळ्यात जावं असं त्यांना वाटतं. तिथे उभं राहून सांगा.

कठडा हवाच, पण उंचीचं बघा. अमेरिकेत मासेमारीच्या धक्क्यांसाठी २०१० ची मानकं आहेत. त्यांत कठड्याचा किमान पाव भाग ३४ इंचांपेक्षा उंच नसावा असं म्हटलंय, बसलेल्या माणसाला त्यावरून गळाची दांडी चालवता यावी म्हणून. आमचा ३० इंचांचा आहे, दीड इंची जीआय पाइपचा, मध्ये एक आडवा पाइप. वरच्या पाइपवर जुन्या सायकलची ट्यूब गुंडाळली आहे. दांडी टेकवली तरी खरवडत नाही, उन्हात हाताला चटका बसत नाही.

एक गोष्ट आमच्या लक्षात उशिरा आली. एप्रिल-मेपर्यंत तळ्याचं पाणी चार-पाच फूट खाली जातं. दिवाळीत ओट्याच्या काठाला टेकलेलं पाणी उन्हाळ्यात दूर आणि खोल दिसतं. ओटा बांधताना उन्हाळ्याची पातळी डोळ्यांसमोर ठेवा, आणि हातजाळीला आठ फुटांचा बांबू लावा.

साधी घडीची खुर्ची चालेल का?

चालेल, पक्क्या वाटेवर. साध्या खुर्चीची पुढची चाकं लहान आणि अरुंद असतात, ती मऊ मातीत रुततात आणि माणूस पुढे फेकला जातो. अशा जागी खुर्ची उलटी करून मागच्या मोठ्या चाकांवर ओढावी. उतारावर खाली नेतानाही पाठमोरीच न्यावी, मदतनीस उताराच्या बाजूला. मागे उलटू नये म्हणून बसवायची छोटी चाकं असतील तर ती लावलेलीच ठेवा, कारण मोठा मासा बाजूला पळाला की आपण नकळत मागे रेलतो.

बॅटरीची खुर्ची असेल तर ओट्यावर आल्याबरोबर बंद करा. दांडीचा धक्का जॉयस्टिकला लागून खुर्ची पुढे गेल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कडेला ती ४ इंचांची कड होती म्हणून निभावलं.

पाण्याजवळ कमरेचा पट्टा बांधावा का?

नाही. खुर्ची पाण्यात गेली तर ती सरळ तळाला जाते आणि पट्टा बांधलेल्या माणसाला सोबत नेते. ज्यांना पट्ट्याशिवाय बसताच येत नाही त्यांनी काठापासून मागे, कठड्याच्या आत बसावं, आणि एका झटक्यात, एका हातानं सुटेल असा पट्टा घ्यावा. तो सोडायचा सराव घरी डोळे मिटून करावा.

लाइफ जॅकेट मात्र अंगावर हवंच. तेही मानेला कॉलर असलेलं, बेशुद्ध माणसाचा चेहरा वर ठेवणारं. बोटिंगच्या ठिकाणी मिळणारी नुसती फोमची बंडी पाय आणि पोटाचे स्नायू चालणाऱ्यांसाठी ठीक, आपण त्यात पालथे होऊ शकतो. नवं जॅकेट आधी उथळ पाण्यात, दोन माणसं शेजारी उभी करून घालून बघा.

दांडी आणि रीळ कोणतं घ्यावं?

साडेसहा ते सात फुटांची हलकी दांडी, मध्यम आकाराचं स्पिनिंग रीळ, ०.३० मिलिमीटरच्या आसपासचा तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोर. तळ्यातल्या एक-दीड किलोच्या रोहूला एवढं पुरतं. रिळाचं हँडल डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना लागणारं घ्या. ज्या हातात जोर जास्त त्यानं दांडी धरायची, दुसऱ्यानं फिरवायचं.

दांडी ठेवायला खुर्चीला दीड इंची पीव्हीसी पाइपचा एक फुटाचा तुकडा क्लिपांनी बसवा. हात ठेवायच्या दांड्याला लावू नका, तो बहुतेक खुर्च्यांना उचकटता येतो आणि मासा दांडीसकट घेऊन जातो. सीटखालच्या मुख्य नळीला लावा.

फेकताना खुर्ची पाण्याशी तिरकी ठेवा. समोरासमोर ठेवली तर गुडघे आणि पावलं मध्ये येतात. बाजूनं झोकायला गेलं की गळ चाकाच्या आऱ्यांत अडकतो, म्हणून डोक्यावरून फेका, किंवा तंगूस दांडीएवढा सोडून लोलकासारखा झुलवून सोडा. दुसरी पद्धत मला जास्त आवडते. आवाज होत नाही.

माझ्या हातांतही ताकद कमी आहे. मग?

रीळ नको. सात-आठ फुटांची बांबूची काठी, टोकाला तेवढाच तंगूस, फ्लोट (मासा लागला की बुडणारी तरंगती खूण) आणि गळ. गावातली मुलं अशीच पकडतात. काठीची मूठ जाड करायला त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळा आणि मनगटाला रुंद वेल्क्रोचा पट्टा लावून काठी हाताशी बांधा. चिलापी (तिलापिया) आणि लहान सायप्रिनस (कॉमन कार्प) यावर छान येतात. मात्र मासा ओढू लागला तर पट्टा झटकन सुटला पाहिजे, हे आधी तपासा.

आमिष काय लावायचं, आणि कोणता मासा कुठे असतो?

कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ आणि सायप्रिनस तळाशी. गवत्याला (ग्रास कार्प) हिरवं लागतं. चंदेरा (सिल्व्हर कार्प) गळाला क्वचितच येतो, कारण तो पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो. म्हणजे एकाच जागी बसून, फक्त फ्लोटची उंची बदलून, वेगवेगळा मासा मागता येतो. खुर्ची हलवायची नसलेल्यांना यापेक्षा चांगली सोय नाही.

माझं आमिष साधं. घट्ट मळलेली कणीक, त्यात भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, शेंगदाण्याची पेंड आणि चिमूटभर हिंग. वाटाण्याएवढी गोळी. गळ टाकण्याआधी अर्धा तास तिथेच मूठभर कोंडा आणि पेंड भिजवून टाकायची. मालक रोज खाद्य कोणत्या कोपऱ्यात टाकतात ते विचारा, मासे त्या वेळेला तिथे आपणहून जमतात. गांडुळाला चिलापी लगेच येते, पण मग दुसरं काही येऊ देत नाही.

फ्लोट म्हणून मोरपिसाचा देठ. हलका, आणि उभा राहिला की लांबून दिसतो.

मासा लागल्यावर तोल जात नाही का?

जातो. पोटाचे स्नायू चालत नसतील तर अर्ध्या किलोचा मासाही पुढे ओढतो. आधी ब्रेक. मग दांडी न धरलेल्या हाताचा कोपर खुर्चीच्या पाठीमागच्या मुठीत अडकवायचा, म्हणजे शरीर पाठीला टेकलेलं राहतं. मासा दमला की कोपर सोडून रीळ फिरवायचं, पुन्हा जोर आला की पुन्हा अडकवायचा. रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ओढ बसली की तंगूस सुटेल ते ठरवणारी पकड, तंगूसच्या ताकदीच्या पाव हिश्शावर ठेवा. मासा पळाला तर पळू दे, तंगूस सुटत राहील. लहान तळ्यात तो जाऊन जाऊन जाणार कुठे?

दांडीचं बूड मांडीत खुपसून धरू नका. संवेदना नसेल तर कळतही नाही आणि संध्याकाळी तिथे काळानिळा डाग दिसतो. मांडीवर दुमडलेली गोधडी घ्या.

मासा लागला की लोक धावत येऊन दांडी हातातून घेतात. काय करावं?

हा प्रश्न मला विचारला जातो तेव्हा विचारणाऱ्याचा आवाज बदलतो. माझ्याही बाबतीत झालं आहे. चार वर्षांपूर्वी एका तळ्यावर दोन तास बसल्यावर फ्लोट बुडाला, चांगला मोठा रोहू होता, आणि शेजारच्या गृहस्थांनी "अहो ताई, द्या इकडे, तुम्हाला नाही जमायचं" म्हणत दांडी ओढून घेतली. मासा त्यांनी काढला. माझ्या मांडीवर आणून ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन रडले.

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला माहीत आहे. म्हणून आता बसल्याबरोबर आजूबाजूच्यांना सांगून टाकते: "मासा लागला तर दांडीला हात लावायचा नाही. सुटला तर सुटू दे. मी म्हटलं की फक्त हातजाळी खाली धरा." एवढं स्पष्ट, आणि मासा लागायच्या आधी. लागल्यावर सांगायला वेळ नसतो. घरच्यांना हे जास्त वेळा सांगावं लागतं. भावजी सुरुवातीला खुर्चीमागे हात पुढे करूनच उभे राहायचे. आता दहा पावलं मागे आंब्याखाली बसतात आणि मासा लागला की तिथूनच विचारतात, "वहिनी, जाळी आणू?"

पायांना संवेदना नाही. गळ लागला तर कळणार कसं?

कळत नाही, हीच धास्ती. एकदा घरी आल्यावर सलवारीवर रक्त दिसलं. गळ पोटरीत रुतून बसला होता, दीड-दोन तास तरी. तेव्हापासून मी गळाचा उलटा काटा पकडीनं चेपून टाकते. असा गळ कातडीतून सहज निघतो, माशाच्या तोंडातूनही. तंगूस सैल पडू दिला नाही तर मासा फारसा सुटत नाही.

पायात पूर्ण झाकणारे बूट. चपला नकोत. निघण्याआधी सोबतच्याला दोन्ही पाय, पावलं आणि खुर्चीखालची जागा नीट बघायला सांगा. मासा मांडीवर थेट घेऊ नका. चिलापीच्या पाठीवरचे काटे टोचतात, सायप्रिनसच्या पाठीवरच्या पराचा पहिला काटा करवतीसारखा असतो. मी मांडीवर परात घेते, त्यात ओलं फडकं, त्यावर मासा. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर घेतलेलं असू द्या, आणि तळ्याचं पाणी लागलेली जखम साबणानं धुवा.

ज्यांच्या कण्याला छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा आहे त्यांनी आणखी जपावं. रुतलेला गळ, तुंबलेलं मूत्राशय, घट्ट बूट यांपैकी कशानंही रक्तदाब एकदम वाढू शकतो. डोकं ठणकू लागलं, चेहरा लाल झाला तर ताठ बसा, कपडे-पट्टे सैल करा, कारण शोधा, लघवीची नळी दबली आहे का बघा. लगेच उतरलं नाही तर दवाखाना गाठा.

उन्हाचं आणि शौचालयाचं काय?

कण्याच्या वरच्या भागात इजा असलेल्यांना इजेखाली घाम येत नाही. त्यांनी नऊच्या आत आवरावं किंवा चारनंतर यावं. मानेवर ओला टॉवेल आणि फवाऱ्याची बाटली बाकी सगळ्यांनाही. खुर्चीच्या लोखंडी फूटरेस्टला उन्हात चटका बसण्याइतकी उष्णता येते, त्यावर जुनं पायपुसणं टाका.

शौचालय बहुतेक तळ्यांवर नसतं, असलं तर दोन पायऱ्या आणि दीड फुटाचं दार. लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी पिणं बंद करणाऱ्या बायका मला माहीत आहेत, मीही केलं आहे. करू नका. संसर्ग आणि खडे दोन्ही वाट बघत असतात. मी गाडीच्या मागच्या सीटवर, काचांना पडदे लावून, दर चार तासांनी कॅथेटर करते, म्हणजे नळीनं लघवी काढते. नळी लावण्याआधी हात साबणानं दोनदा धुते, कारण हाताला पेंड आणि माशाचा बुळबुळीतपणा असतो. नुसतं सॅनिटायझर त्यावर चालत नाही.

किती वेळ बसावं?

सुरुवातीला दोन तास. दर वीस-तीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन किंवा पुढे वाकून बुडावरचा दाब कमी करायचा. वाकताना ओट्याच्या मागच्या भागात या. फ्लोटकडे बघत बसलं की वेळ कळत नाही, म्हणून मोबाइलला कंपनाचा गजर. गादी भिजली तर त्या दिवसापुरतं थांबायचं, ओल्या कातडीला व्रण फार लवकर होतो. गादीवर आधीच पातळ प्लास्टिक आणि वर सुती चादर घालून नेते.

पावसाळ्यात जाता येईल का?

आम्ही जात नाही. वाट मऊ असते, बांधावर साप निघतात, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. जुलै-ऑगस्टमध्ये बोटुकली नुकतीच सोडलेली असते, मासा लहान असतो. श्रावण घरात पाळलाही जातो. आमचा हंगाम कोजागरीनंतर. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मासा मंदावतो, तेव्हा दुपारी बसावं. फेब्रुवारी ते एप्रिल सकाळ चांगली. ढगाळ हवेत पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडत असतील तर पाण्यातला प्राणवायू कमी झालेला असतो. तेव्हा गळ टाकू नका, मालकांना हाक मारा.

अवकाळीत ढग गडगडले की ताबडतोब निघा. कार्बनच्या दांडीतून वीज वाहते. तळ्याच्या पंपाकडे जाणाऱ्या तारांखालीही ती उभी करू नका.

एकटीनं किंवा एकट्यानं जावं का?

नाही. मोबाइल गळ्यात, शिट्टी जॅकेटला, आणि ओट्यावर दोरी बांधलेला रिकामा बंद कॅन किंवा ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब. कुणी पडलं तर ती फेकायची, मागोमाग उडी मारायची नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८.

परवानगी लागते का?

खासगी तळ्यावर मालकाची. गावतलाव किंवा पाझर तलाव पुष्कळदा मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्यानं दिलेला असतो, तिथे संस्थेला विचारायचं. त्यांनी पैसे भरून बीज सोडलेलं असतं, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. पैसे देऊन मासे पकडू देणाऱ्या ठिकाणी बहुधा किलोवर हिशेब होतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २९ आणि ३० मध्ये मनोरंजन आणि खेळातल्या सहभागाची तरतूद आहे. ग्रामपंचायत किंवा नगरपालिका तलावाचं सुशोभीकरण काढते तेव्हाच रॅम्प आणि ओट्यासाठी लेखी अर्ज द्या. फरशा बसल्यावर पायऱ्या फोडायला कुणी तयार होत नाही.

जाण्याआधी फोनवर काय विचारावं?

"व्हीलचेअर येते का?" असं विचारू नका. सगळेच "येते की" म्हणतात, चांगल्या मनानं. गाडी उभी राहते तिथपासून पाण्यापर्यंत किती पावलं, मध्ये किती पायऱ्या, शेवटच्या पंधरा फुटांत काय आहे, तळ्याला कागद आहे का, हे विचारा. आणि त्या पंधरा फुटांचा फोटो मागा. तळ्याचा नको. तळ्याचा फोटो सगळे पाठवतात.

तळ्यातल्या माशाला मातीचा वास येतो, तो कसा घालवायचा?

तो वास पाण्यातल्या शेवाळासारख्या सूक्ष्म जीवांमुळे तयार होणाऱ्या जिओस्मिनचा, आंबटानं तो कमी होतो. तुकड्यांना मीठ आणि आगळ (कोकमाचा रस) किंवा चिंचेचा कोळ चोळून अर्धा तास ठेवा, मग धुऊन हळद-तिखट लावा. खाडीचा मासा खाऊन वाढलेल्या मला रोहू गोडसर लागतो आणि काटेही फार. पण मी काढलेला असतो तेव्हा घरात मीच पहिला तुकडा घेते.

आमची नऊ वर्षांची मुलगी खुर्चीवर आहे. तिला नेऊ का?

न्या. तिच्या मापाचं जॅकेट, तिच्या हाताला पेलेल अशी चार-पाच फुटांची काठी, आणि चिलापी असलेलं तळं, कारण मुलांना वाट बघायला आवडत नाही आणि चिलापी पटकन येते. गळ तुम्ही लावून द्या, गोळी तिला वळू द्या. फ्लोट बुडाला की तुमचे हात तुमच्याच खिशात ठेवा.